शिलेदार, बारगीर आणि मतदारयादी: भारतीय अश्वारोहण महासंघातला मताचा वाद

१९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये इव्हेंटिंग या घोडेस्वारीच्या प्रकारातली तिन्ही वैयक्तिक पदके भारताने घेतली. रघुबीर सिंग पहिले, जी. एम. खान दुसरे, प्रल्हाद सिंग तिसरे. तिघेही फौजेतले. सांघिक सुवर्ण आपलेच होते. टेंट पेगिंगचे, म्हणजे भरधाव घोड्यावरून भाल्याने जमिनीतली मेख उचलण्याचे, सुवर्णही आपल्याकडेच आले. पुढच्या सुवर्णासाठी मात्र ४१ वर्षे थांबावे लागले. ते २६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझो एशियाडमध्ये मिळाले, ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याला ठरलेल्या चालींत चालवून दाखवण्याच्या, सांघिक स्पर्धेत. या वेळी खोगिरावर होते अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला. कोलकाता, मुंबई, जयपूर, इंदूर. चौघांपैकी एकही फौजी नाही. चौघांची तयारी युरोपात झालेली, आणि घोडेही तिकडचेच.

मराठी वाचकाला हा फरक समजावायला नवा शब्द शोधावा लागत नाही. शिवकालीन घोडदळात बारगीर सरकारी पागेतल्या घोड्यावर बसायचा आणि शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला यायचा. १९८२चे पदक बारगिरांनी आणले, २०२३चे शिलेदारांनी. या ४१ वर्षांत खेळाचा घोडा सरकारी पागेतून खासगी तबेल्यात गेला. महासंघात मत कोणाचे, या प्रश्नाचा मात्र तेवढा पुनर्विचार झाला नाही. तो करायची वेळ आली ती न्यायालयात, आणि तिथेही वाद झाला तो भलत्याच दोन पक्षांत. हे प्रकरण मला अभ्यासायला घ्यावेसे वाटले ते या ‘भलत्याच’साठी.

आधी थोडी साफसफाई. घोडा म्हटले की आपल्याकडे लोकांना महालक्ष्मीचे रेसकोर्स आठवते. शर्यतींचा कारभार टर्फ क्लबांकडे असतो आणि पोलोची इंडियन पोलो असोसिएशन वेगळी आहे. आपण बोलतोय ते इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडिया या संस्थेबद्दल. ड्रेसाज, शो जंपिंग, इव्हेंटिंग, एन्ड्युरन्स, टेंट पेगिंग हे तिचे क्षेत्र. स्थापना १९६७ची, कार्यालय दिल्ली छावणीत, आणि अध्यक्षपदावर बराच काळ लष्करातले वरिष्ठ अधिकारी. पत्ता आणि पदाधिकारी पाहिले की संस्थेचा पिंड कळतो.

यात गैर काही नव्हते. स्वातंत्र्यानंतर या देशात खेळण्याजोगा घोडा होता कुठे? जयपूरच्या ६१ घोडदळात, राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलात, लष्कराची जनावरे सांभाळणाऱ्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या डेपोंत, पोलीस अकादमींत आणि थोड्याफार शहरी क्लबांत. मुंबईचा अमॅच्युअर रायडर्स क्लब १९४२चा, म्हणजे महासंघापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठा. जिथे घोडे तिथे सभासद, आणि जिथे सभासद तिथे मत, अशी घटना आपसूक घडत गेली. क्लब, रेजिमेंटी, संस्था, काही व्यक्ती, अशा सगळ्यांना मतदानाचा हक्क मिळाला. राज्य संघटनाही होत्या, पण या गर्दीत त्या एका बाजूला पडल्या.

मग आली २०११ची राष्ट्रीय क्रीडा विकास संहिता. केंद्र सरकारची मान्यता हवी असेल, अनुदान हवे असेल, छातीवर ‘भारत’ लिहायचे असेल तर महासंघांनी कसे चालावे, याचा तो नियमसंच. वयाची मर्यादा ७०, अध्यक्षाला आयुष्यात १२ वर्षांहून अधिक काळ नाही, सचिव-खजिनदारांना सलग दोन मुदतींनंतर सक्तीची विश्रांती. वर्तमानपत्रांत गाजल्या त्या या अटी, कारण त्यांनी बड्या खुर्च्या हलल्या. घोडेस्वारीत काटा रुतला तो मात्र दुसरीकडे, मान्यतेच्या निकषांतल्या कलम ३.१० मध्ये. त्याचा आशय असा: महासंघाचे सभासदत्व राज्य व केंद्रशासित प्रदेशांच्या संघटनांना आणि क्रीडा नियंत्रण मंडळांसारख्या विशेष घटकांनाच असेल. क्लबांना किंवा व्यक्तींना सभासद करून घेतलेच, तर त्यांना महासंघाच्या सभेत मत नसेल.

याच्या जोडीला कलम ३.२० आहे. राज्य संघटनेशी त्या राज्यातल्या किमान निम्म्या जिल्हा संघटना संलग्न हव्यात, नाहीतर त्या राज्याला संलग्नता नाही आणि मतही नाही.

ही दोन कलमे कबड्डीला किंवा ॲथलेटिक्सला लावून पाहा, चपखल बसतात. आता घोड्याला लावा. महाराष्ट्रात ३६ जिल्हे. म्हणजे इथल्या राज्य संघटनेला मत हवे तर १८ जिल्ह्यांत अश्वारोहण संघटना हव्यात, आणि त्या नावापुरत्या नकोत. प्रत्येकीकडे निदान एक वाळूचे मैदान, चार घोडे, ते सांभाळणारे साईस, नाल मारणारा कसबी माणूस आणि घोड्यांचे ज्ञान असलेला पशुवैद्य. असे १८ जिल्हे आपल्याला सांगता येतील का? मुंबई, पुणे पटकन आठवतात. चार-पाच नावांनंतर बोटे थांबतात. गंमत म्हणजे ज्या नंदुरबार जिल्ह्यात, सारंगखेड्याला, दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी घोड्यांचा इतका मोठा बाजार भरतो, तिथल्या घोडेवाल्याचा या भांडणातल्या कोणत्याच यादीशी संबंध नाही. त्याचा घोडा मारवाडी, त्याची चाल निराळी, त्याचे गिऱ्हाईक निराळे. देशात घोडा जिथे खरोखर लोकांचा आहे, तिथे महासंघ पोचलेला नाही. हे क्लबवाल्यांनाही लागू आहे आणि राज्यवाल्यांनाही.

तर वाद असा उभा राहिला. राजस्थानच्या अश्वारोहण संघटनेने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. म्हणणे सरळ होते: महासंघ संहिता पाळत नाही, क्लब आणि व्यक्ती मतदान करतात, मग या निवडणुका संहितेप्रमाणे कशा? दरम्यान क्रीडा मंत्रालयाने महासंघाला या कलमांतून सवलत दिली होती. नियम करणाऱ्यानेच अपवाद केला, म्हणून वाद आणखी तापला. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने राज्य संघटनांच्या बाजूने कौल दिला: मताचा हक्क त्यांचा, क्लबांचा आणि व्यक्तींचा नाही. पुढे अपिले झाली. कायद्याचा तो प्रवास मी इथे सोडतो. मला रस आहे तो दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांत, कारण दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्हींत एक भोक आहे.

क्लब आणि रेजिमेंटींची बाजू आधी. त्यांचा मुद्दा असा की हा खेळ खेळाडूपासून सुरू होत नाही, घोड्यापासून होतो. घोड्याला रोज चारा, खरारा, व्यायाम लागतो; स्पर्धा असो वा नसो. हा खर्च जो उचलतो त्याचे मत काढून घ्यायचे आणि ज्याच्या नावावर एक नोंदणी प्रमाणपत्र व एक शिक्का आहे त्याला द्यायचे, हा कुठला न्याय? लष्कराकडे तर याहून भक्कम उदाहरण आहे. भारतातला घोडा परदेशात न्यायचा तर रोगमुक्तीची हमी लागते. ती नसल्याने आपले घोडे वर्षानुवर्षे अडकून राहिले, आणि आपले स्वार युरोपात घोडे ठेवून तिथेच राहू लागले, त्यामागचे एक मोठे कारण हेच. २०२५ मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेने भारतातल्या पहिल्या अश्वरोगमुक्त कक्षाला मान्यता दिली. तो आहे मेरठ छावणीत, रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात. कुठल्याही राज्य संघटनेच्या आवाक्यातले ते काम नव्हते. फौज नसती तर ते झाले असते, असे निदान मला तरी वाटत नाही.

आता राज्यांची बाजू. संहितेत सैन्यदलांना जागा आहेच, पण ती एका विशेष घटकाची. इथे मात्र एकेक रेजिमेंट, एकेक केंद्र, एकेक क्लब स्वतंत्र मतदार. फौजेत हुकूम वरून खाली येतो. ज्या निवडणुकीत उमेदवार लेफ्टनंट जनरल आणि मतदार कर्नल, तिथे गुप्त मतदान कितीही गुप्त असले तरी त्याला निवडणूक म्हणायला जीभ अडखळते. कोणी दबाव टाकला, असा आरोप मी करत नाही. दबाव टाकायची गरजच पडू नये, अशी ती रचना आहे, एवढेच म्हणतो. शिवाय नवा क्लब सभासद करून घ्यायचा की नाही, हे सध्याची कार्यकारिणी ठरवणार. म्हणजे निवडून येणाराच आपले मतदार निवडणार. सहकारी संस्थांच्या निवडणुका जवळून पाहिलेल्या मराठी माणसाला यापुढे समजावून सांगायला नको.

राज्यवाल्यांच्या युक्तिवादातले भोक कुठे आहे? संहितेच्या दुसऱ्या एका अटीनुसार महासंघाचा पसारा दोन-तृतीयांश राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत हवा. ३६ पैकी २४. ही संख्या गाठायची सक्ती झाली की खेळ २४ राज्यांत पोचत नाही, लेटरहेड पोचतात. आकडा भरायचा म्हणून उभी केलेली संघटना आपले मत कोणाकडे नेऊन ठेवते, हे इतर खेळांत आपण पाहिले आहे. मग लेफ्टनंट जनरलच्या जागी एखादा मुरलेला संघटक येतो. फरक इतकाच, की जनरलसाहेबांना निदान घोड्यावर बसता येत असते.

क्रिकेटने हा प्रश्न आपल्या डोळ्यांदेखत सोडवला, निदान अर्धा. लोढा समितीने ‘एक राज्य, एक मत’ सुचवले आणि जुलै २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. महाराष्ट्रात तीन संघटना: मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ. तोवर ४१ वेळा रणजी करंडक जिंकलेल्या मुंबईचे पूर्ण सभासदत्व जाण्याची वेळ आली. तेव्हा आपल्याकडे किती आदळआपट झाली होती! ९ ऑगस्ट २०१८ रोजी न्यायालयाने स्वतःच ती गाठ सैल केली. मुंबई, विदर्भ, बडोदा, सौराष्ट्र यांना पूर्ण सभासदत्व मिळाले. रेल्वे, सैन्यदले आणि विद्यापीठांनाही. नकाशा हा मताचा एकमेव पाया असू शकत नाही, खेळाच्या इतिहासालाही वजन असते, हे तिथे कबूल झाले. घोडेस्वारीच्या वादात हा दाखला ज्या तऱ्हेने मध्यभागी यायला हवा होता, तसा तो आलेला मला दिसला नाही. क्लबवाल्यांनी ‘आमचा खेळ वेगळा’ एवढेच म्हणत राहण्याऐवजी, ‘आम्हाला सैन्यदलांचे एक मत आणि जुन्या केंद्रांची मोजकी मते द्या, बाकी राज्यांना घ्या’ असे म्हटले असते, तर पारडे निराळे झुकले असते. त्यांनी सगळे राखायला पाहिले आणि सगळेच गमावायची वेळ आणली.

आता ज्या माणसाचे या भांडणात नावच नाही, त्याच्याकडे वळू.

ड्रेसाजचे मैदान म्हणजे २० बाय ६० मीटरचा वाळूचा पट्टा. कडेने अक्षरे लावलेली, परीक्षक ठरावीक अक्षरांशी बसलेले. घोड्याने कुठल्या अक्षरापासून कुठल्या अक्षरापर्यंत कोणत्या चालीत जायचे ते ठरलेले, आणि प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण. संघात चार स्वार, त्यांतल्या सर्वोत्तम तिघांची टक्केवारी धरायची. हांगझोमध्ये अनुषचे ७१.०८८, हृदयचे ६९.९४१, दिव्यकृतीचे ६८.१७६. बेरीज २०९.२०५. चीन २०४.८८२ वर राहिला. सुदीप्तीचे गुण बेरजेत आले नाहीत, पण चौथी स्वार पाठीशी आहे म्हटल्यावर पहिल्या तिघांना जे बळ येते ते गुणपत्रिकेत दिसत नाही.

या चौघांपैकी प्रत्येकाला हांगझोच्या वाळूवर उतरण्याआधी दिल्ली छावणीतून जावे लागले, कागदोपत्री. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघ, स्थापना १९२१, एका देशातून एकच राष्ट्रीय संस्था ओळखतो. स्वाराची नोंदणी त्या संस्थेमार्फत, घोड्याची नोंदणी तिच्यामार्फत, मोठ्या स्पर्धेची प्रवेशिकाही तिच्यामार्फत. घोड्याला पासपोर्ट असतो. त्यात फोटो नसतो. घोड्याची बाह्याकृती छापलेली असते आणि तिच्यावर पांढरे पट्टे, भोवरे, खुणा हाताने भरलेल्या असतात. पुढच्या पानांवर लशींच्या नोंदी. इन्फ्लुएन्झाचा शेवटचा डोस स्पर्धेआधी ६ महिने २१ दिवसांच्या आत हवा. एक तारीख चुकली की घोडा दारातून परत. डेन्मार्कमध्ये किंवा जर्मनीत सराव करणारी मुलगी किंवा मुलगा इतक्या बारकाईने तारखा सांभाळतो, आणि त्याची प्रवेशिका वेळेत जाईल की नाही हे दुसऱ्या खंडातल्या एका कार्यालयावर ठरते. संघनिवडीचे निकष तेच कार्यालय ठरवते. निकष पटले नाहीत तर स्वार न्यायालयात जातो, आणि २०२३ च्या एशियाडआधी ते झालेही.

म्हणजे महासंघाची सत्ता सर्वांत जास्त ज्याच्या अंगावर येते त्याला मत नाही, आणि ज्यांना मत आहे किंवा हवे आहे त्यांचा आंतरराष्ट्रीय प्रवेशिकेशी फारसा संबंध नाही. क्लब विरुद्ध राज्य हा बारगिरांच्या जुन्या पागेचा आणि नकाशाचा झगडा आहे. शिलेदार बाहेर उभा आहे. २०२३च्या सुवर्णावर दोन्ही पक्षांनी हक्क सांगितला असेल-नसेल, ते पदक दोन्हींपैकी कोणाच्याही मतदारयादीतून आलेले नाही.

खेळाडूला मत द्यावे, ही कल्पना हवेतली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटनेच्या प्रकरणात याच दिल्ली उच्च न्यायालयाने कार्यकारिणीत २५ टक्के नामवंत खेळाडू, तेही मतदानाच्या हक्कासह, असावेत असे म्हटले. २०२५चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा त्याच वाटेने थोडा पुढे गेला: कार्यकारिणी जास्तीत जास्त १५ जणांची, तीत निदान दोन उत्कृष्ट कामगिरी केलेले खेळाडू, खेळाडू समितीचे दोन प्रतिनिधी आणि निदान चार महिला. तक्रारींसाठी राष्ट्रीय क्रीडा लवाद आणि निवडणुकांसाठी स्वतंत्र पॅनेल. ही दोन्ही कामे घोडेस्वारीला पदाधिकारी बदलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतील, कारण निवडीचा तंटा महिनोन्महिने लोंबकळला तर तोवर लशीची मुदतही जाते आणि घोड्याचा दमसासही. पण या कायद्यातही सर्वसाधारण सभा म्हणजे संलग्न सभासदांचे समान प्रतिनिधी. ‘समान’ या शब्दात तोच जुना पेच: शेकडो नोंदणीकृत स्वार असलेले राज्य आणि पाच स्वारांचे राज्य एकाच मापाने मोजायचे.

नियम बदलताना एक भीती दाखवली जाते, की न्यायालयाने किंवा सरकारने फार ढवळाढवळ केली तर आंतरराष्ट्रीय संस्था बंदी घालेल. ही भीती पोकळ नाही. १५ ऑगस्ट २०२२ रोजी फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला तिऱ्हाइताच्या हस्तक्षेपाचे कारण देऊन निलंबित केले. ११ दिवसांनी बंदी उठली, कारण प्रशासकांची समिती बाजूला झाली. घोडेस्वारीत असे झाले तर युरोपात राहणाऱ्या स्वाराच्या नावापुढचा तिरंगाच जाईल. पण या भीतीचा उपयोग बहुतेक वेळा जैसे थे राखायला होतो. आंतरराष्ट्रीय संस्थेला अडचण असते ती बाहेरून लादलेल्या कारभाऱ्यांची. सभासदांनी आपल्याच सभेत घटना बदलली तर तिथे कोणी भुवई उंचावत नाही. महासंघाने २०११ नंतर हे आपणहून केले असते तर न्यायालयाची पायरी चढायचे कारणच उरले नसते.

माझे मत विचाराल तर सभेचे तीन कप्पे करावेत. एक राज्यांचा, पण निम्म्या जिल्ह्यांच्या अटीऐवजी वर्षभरात प्रत्यक्ष भरवलेल्या स्पर्धा आणि नोंदलेले घोडे ही अट. दुसरा सैन्यदले, पोलीस आणि केंद्रीय दलांचा, प्रत्येकाला एक मत, रेजिमेंटनिहाय नाही. तिसरा स्वारांचा, गेल्या दोन वर्षांत मान्यताप्राप्त स्पर्धेत उतरलेल्या प्रत्येकाने आपला प्रतिनिधी निवडायचा. कुठल्याही कप्प्याला एकट्याने बहुमत मिळता कामा नये.

कागदावर हे ठीक दिसते. खोलात गेलो की मीच अडतो. या खेळात उतरणाऱ्यांत शाळकरी मुले पुष्कळ. चौदा वर्षांच्या स्वाराचे मत कोण देणार, त्याचे आईवडील? मग मत पुन्हा पैसे भरणाऱ्याकडेच गेले. आणि नोंदलेले घोडे मोजायचे म्हटले तर अनुषचा घोडा एट्रो कुठे मोजायचा? स्वार कोलकात्याचा, म्हणून पश्चिम बंगालच्या रकान्यात? घोडा उभा आहे जर्मनीत, आणि त्याला खरारा करणाऱ्या माणसाने या महासंघाचे नाव कधी ऐकले असेल की नाही, कोण जाणे.